ओळखीच्या गर्दीत सोंग घेताना

वाचकाचे पत्र, थोडक्यात :

पत्रलेखिका एकतीस वर्षांच्या आहेत. जन्म बेळगावातल्या शहापूर भागातला, अभियांत्रिकीचे शिक्षण त्याच शहरात आणि त्यानंतर काही वर्षे बेंगळूरला नोकरी. वडिलांच्या आजारपणामुळे त्या घरी परतल्या आणि आता घरी बसूनच त्याच कंपनीचे काम करतात. बेंगळूरला असताना हिवाळ्यात कॉमिक कॉन या चित्रकथांच्या चाहत्यांच्या मेळाव्याला जाणे, आवडत्या पात्राचा पोशाख स्वतः तयार करून तो घालून तिथे फिरणे आणि शनिवारी संध्याकाळी मैत्रिणींबरोबर फूड ट्रकवर जेवणे हा त्यांच्या जगण्याचा भाग होता. गेल्या हिवाळ्यात टिळकवाडीतील एका मैदानावर काही स्थानिक तरुणांनी कॉमिक्स आणि फूड ट्रक यांचा दोन दिवसांचा मेळावा भरवला, तेव्हा त्या एका जपानी ॲनिमे मालिकेतील योद्ध्याच्या वेशात तिथे गेल्या. कोणीतरी न विचारता काढलेले त्यांचे छायाचित्र संध्याकाळपर्यंत गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोचले आणि रात्री आत्याबाईंचा फोन आला : "हे काय करूलालीस गं? स्थळाकडच्यांनी बघितलं तर काय सांगायचं?" आई म्हणाली, "आता हे वय आहे का सोंगं काढायचं?" वडील काहीच बोलले नाहीत. मेळाव्यानेही त्यांची निराशा केली, कारण रांगा होत्या त्या गोबी मंचुरियनच्या गाडीसमोर, आणि कॉमिक्सच्या मोजक्या टेबलांसमोर शुकशुकाट होता. आता तेच तरुण येत्या हिवाळ्याच्या आयोजनात त्यांची मदत मागत आहेत. त्या विचारतात, "या शहरात हे रुजणार नाही असे समजून मी हा छंद बेंगळूरच्या वर्षातल्या एका फेरीपुरता ठेवावा, की इथे पुन्हा एकदा हसे करून घ्यावे?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन तक्रारी आहेत आणि तुम्ही त्या एकच असल्यासारख्या मांडल्या आहेत. पहिली अशी की, बेळगावला कॉमिक्स, कॉस्प्ले म्हणजे आवडत्या पात्राचा वेश घेणे, मेळावे यांतले काही कळत नाही. दुसरी अशी की, त्या दिवशी मैदानावर तुम्हाला ओळखणारे फार जण निघाले. पत्र पुन्हा वाचल्यावर माझे मत असे झाले की, खरा त्रास तुम्हाला दुसऱ्या गोष्टीचा झाला आहे, पण दोष मात्र तुम्ही पहिलीला देत आहात. छायाचित्र काढणाऱ्याला ते पात्र कोणते हे ओळखता आले असते, तरीही ते छायाचित्र ग्रुपवर गेलेच असते, कारण त्याला त्या वेशामागच्या तुम्ही ओळखू आला होता.

बेंगळूरला व्हाइटफील्डच्या केटीपीओ प्रदर्शन संकुलात हजारोंच्या गर्दीत तुम्ही असाच पोशाख घालून फिरला असाल, तेव्हा तुमच्याकडे पाहणाऱ्यांपैकी कोणालाही तुम्ही कोणाची मुलगी हे ठाऊक नव्हते. तिथे मिळालेली मोकळीक काही अंशी त्या मेळाव्याने दिली हे खरे, पण तिचा मोठा वाटा अनोळखी असण्यातून आला होता, आणि तो वाटा बेळगाव तुम्हाला कधीच देणार नाही. २०११ च्या जनगणनेत पाच लाखांच्या जवळ पोचलेले हे शहर फूड ट्रकचा धंदा चालावा इतके मोठे आहे आणि त्या ट्रकसमोरच्या रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांना तुमच्या वडिलांची मागच्या महिन्यातली साखर किती होती हे माहीत असावे, इतके लहानही आहे. तेव्हा शहर तयार आहे की नाही, हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू. ओळखीच्या माणसांच्या देखत आपल्याला आवडणारी गोष्ट करता येईल का, हा तुमचा प्रश्न आहे. तो अधिक अवघड आहे आणि मी तो हलका करून सांगणार नाही. पण निदान तो शहराच्या मागासलेपणाचा नाही, एवढे तरी मान्य व्हावे.

कारण वेश घेण्याच्या बाबतीत आपल्या शहराला मागासलेले म्हणणे मला फार धाडसाचे वाटते. वैशाखातल्या पारंपरिक शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक तुम्ही लहानपणापासून पाहिली असणार. एरवी दुकानाच्या गल्ल्यावर बसणारा किंवा उद्यमबागेत लेथ चालवणारा माणूस त्या रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर अंगात चिलखत आणि हातात ढाल घेऊन सजीव देखाव्यात उभा असतो, त्याला पाहायला आजूबाजूच्या खेड्यांतून माणसे येतात, मध्यवस्तीतल्या गल्ल्या पहाटेपर्यंत जाग्या राहतात आणि "आता हे वय आहे का?" असे त्याला कोणी विचारत नाही. मराठी संगीत रंगभूमी ज्यांच्यापासून सुरू झाली असे आपण मानतो, ते अण्णासाहेब किर्लोस्कर १८४३ साली याच जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. अशा मुलखात तोंडाला रंग लावण्याला कोणी नावे ठेवीत असेल, तर आक्षेप रंगाला नसून दुसऱ्याच कशाला तरी असला पाहिजे.

तो कशाला असावा? मला तीन गोष्टी दिसतात. चित्ररथावरच्या माणसामागे त्याचे मंडळ असते, त्याची गल्ली असते. तुम्ही मैदानावर एकट्या होता. त्याचे पात्र लहान मुलालाही कळते. तुमचे पात्र तिथल्या बहुतेकांना कळले नाही, आणि जे कळत नाही त्याला हसणे सर्वांत सोपे असते. तिसरी गोष्ट अशी की, तुम्ही एकतीस वर्षांच्या अविवाहित मुलगी आहात आणि तुमच्यासाठी स्थळे पाहणे चालू आहे. पहिल्या दोन गोष्टींवर उपाय आहेत. तिसरीवर उपाय नाही, तिथे फक्त निर्णय आहे, आणि त्याकडे मी नंतर येईन.

एकटेपणाचा उपाय म्हणजे सोबत. पुढच्या वेळी एकट्या जाऊ नका. चार-पाच जणांनी एकाच मालिकेतील पात्रे घेऊन एकत्र जावे. त्यात एखादी भाची, एखादा शेजारचा शाळकरी मुलगा असला तर फारच चांगले, कारण मुलांच्या सोबत असलेल्या मोठ्या माणसाला आपला समाज पुष्कळ गोष्टींची सूट देतो. अनोळखी पात्राचाही उपाय साधा आहे. आपले पात्र कोण, ते कोणत्या कथेतले आणि ते आपल्याला का आवडते, हे दोन-तीन वाक्यांत मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहिलेले एक हातभर पुठ्ठ्याचे कार्ड जवळ बाळगावे. ज्याला हसायचे आहे तो हसेलच, पण ज्याला कुतूहल आहे त्याला विचारायला जागा मिळते, आणि आपल्याकडे कुतूहल असलेल्यांची संख्या आपण समजतो त्याहून बरीच अधिक असते. काही जण तुम्हाला असाही सल्ला देतील की, सरळ कित्तूर राणी चन्नम्माचा वेश घ्या म्हणजे सगळ्यांची तोंडे बंद होतील. तो सल्ला मला पटत नाही. राणी चन्नम्मा आवडत असतील तर तो वेश अवश्य घ्यावा, पण लोकांच्या तोंडासाठी घेऊ नये.

पोशाख तुम्ही स्वतः शिवता, हे तुमच्या पत्रात ओझरते आले आहे आणि माझ्या मते तीच तुमची सर्वांत भक्कम बाजू आहे. १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले, तेव्हा मर्टल डग्लस या तरुणीने भविष्यकाळातल्या माणसांचे दोन पोशाख तयार केले, एक स्वतःसाठी आणि एक आपल्या मित्रासाठी. ते घालून ती दोघे संमेलनात वावरली, आणि अशा मेळाव्यांत वेश करून जाण्याची प्रथा तिथून सुरू झाली असे मानतात. म्हणजे या छंदाच्या मुळाशीच शिवणकाम आहे, आणि शिवणकाम, विणकाम ही शहापूर-वडगावात कोणाला समजावून सांगावी लागणारी गोष्ट नाही. आईला पात्राचे नाव सांगून काही साध्य होणार नाही. खांद्यावरचे चिलखत फोमचे असून लोखंडासारखे कसे दिसते, हे तिला हातात घेऊन दाखवा. चित्ररथाचे देखावे करणारे कारागीर तुमच्या ओळखीत असतीलच. थर्माकोल, फोम, पुठ्ठा आणि रंग यांतले त्यांचे कसब त्यांच्याकडे बसून शिकण्यासारखे आहे, आणि त्यांनाही तुमच्याकडून नव्या गोंदांची, नव्या साहित्याची माहिती मिळेल. पुढच्या मेळाव्यात त्यांच्यापैकी एखाद्याला बोलावून चिलखत कसे बनते ते सर्वांसमोर करून दाखवायला सांगितले, तर गल्लीतले लोक आपण होऊन येतील.

आता छायाचित्राविषयी. इथे मी पूर्णपणे तुमच्या बाजूची आहे. वेश केला म्हणजे वाटेल त्याने छायाचित्र काढावे अशी परवानगी दिली, असे होत नाही. न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनने २०१४ पासून प्रवेशद्वाराशी मोठे फलकच लावले, की कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे आणि छायाचित्र काढण्यापूर्वी विचारले पाहिजे. तुमच्या शहरातल्या मेळाव्यात तसा फलक नव्हता, हा आयोजकांचा दोष आहे, आणि आयोजनात जाणार असाल तर तुमची पहिली अट हीच असावी. झालेल्या गोष्टीचे काय करायचे? ज्यांनी ते छायाचित्र ग्रुपवर टाकले त्यांना फोन करा आणि शांतपणे सांगा की ते न विचारता टाकलेले मला आवडले नाही, ते काढून टाका. ग्रुपवर वाद घालू नका, तिथे वादालाच प्रेक्षक मिळतात. पुढच्या वेळी मात्र मेळाव्यातून घरी येण्याआधीच तुम्हाला आवडलेले, चांगल्या उजेडात काढलेले छायाचित्र स्वतःच्या नावाने, पोशाख कसा केला याच्या चार ओळींसह, तुम्हीच प्रसिद्ध करा. लपवलेली गोष्ट कोणाला सापडली की तिची बातमी होते. आपणच सांगितलेल्या गोष्टीची फारशी होत नाही.

वडिलांचे मौन तुम्ही रागाचे समजलात. कदाचित ते असेल, पण पत्रात त्याला काही आधार दिसत नाही. मला वाटते त्यांना विचारून पाहावे, आणि तेही "तुम्हाला राग आला का?" असे न विचारता, ते लहान असताना काय वाचत होते असे विचारून. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत होती आणि ती मराठीतही येत असत. अमर चित्र कथा १९६७ साली सुरू करणारे अनंत पै हे आपल्याच राज्यातल्या कार्कळचे. त्या वयाच्या माणसांनी चित्रकथा वाचल्या नाहीत असे सहसा होत नाही, त्यांनी त्या पुढे सोडून दिल्या एवढेच. या प्रश्नाने वडील एकदम तुमच्या बाजूचे होतील असे मी म्हणत नाही. आजारपणातून उठलेल्या माणसाला मुलीच्या लग्नाची चिंता असते आणि ती चिंता एका गप्पेने जात नाही. पण "सोंगं" या एका शब्दापाशी अडलेले बोलणे त्यामुळे थोडे पुढे सरकेल. आत्याबाईंचे म्हणाल तर त्यांना फोनवर पटवून देण्याच्या भानगडीत पडू नका. त्यांना काय सांगायचे हे आई-वडिलांशी एकदा ठरले की उत्तर त्यांनाच देऊ द्या.

आणि स्थळांविषयी. "ज्यांना तुमचा छंद चालत नाही ते तुमच्या लायकीचे नाहीत," हे वाक्य लिहायला सोपे आहे आणि अनेक सल्लागार ते लिहून मोकळे होतात. पण नकार आला तर घरातले तोंड उतरलेले तुम्हाला पाहावे लागेल, मला नाही. म्हणून मी एवढेच सांगेन की, ही गोष्ट पहिल्या किंवा दुसऱ्या भेटीतच, नोकरीबद्दल सांगतो तितक्या साध्या सुरात सांगून टाकावी. लग्नानंतर कपाटातून फोमचे चिलखत निघणे दोघांच्याही दृष्टीने वाईट. आधी सांगितल्याने एखादे स्थळ जाईल हे खरे, पण ते जायचेच असेल तर साखरपुड्याच्या आधी गेलेले बरे. तुमच्या शहरातल्या मेळाव्यात वेश केलेल्या इतरांमध्येही लग्नाच्या वयाची माणसे होती, हे तुमच्या आत्याबाईंच्या अजून लक्षात आलेले दिसत नाही.

आता त्या गोबीच्या रांगेकडे वळू. तुमच्या पत्रात या रांगेवर बराच राग आहे : लोक खायला आले होते, कॉमिक्स पाहायला नाही. मला हा राग अन्यायाचा वाटतो. आपल्याकडे जत्रेला जाणाऱ्यांपैकी निम्मे लोक देवाइतकेच भज्यांसाठी जातात आणि देव त्यांना परत पाठवत नाही. भारतातला पहिला कॉमिक कॉन २०११ च्या फेब्रुवारीत दिल्लीत भरला तो दिल्ली हाटमध्ये, म्हणजे राज्याराज्यांचे खाद्यपदार्थ आणि हस्तकलेच्या वस्तू यांसाठीच लोक जिथे जातात अशा बाजारात. खाणे आणि चित्रकथा यांचा शेजार तेव्हापासूनचा आहे. शिवाय हिशेब पाहा : मैदानाचे भाडे बहुधा खाण्याच्या गाड्यांच्या शुल्कातून निघते, त्यामुळे जी रांग तुम्हाला अडथळा वाटली, तिनेच त्या टेबलांची जागा भरून दिली असण्याची शक्यता आहे. चूक असेल तर मांडणीची. गाड्या एका टोकाला आणि कॉमिक्स दुसऱ्या टोकाला ठेवले की खाणारे खाऊन निघून जातात. टेबले रांगेच्या कडेने लावा, म्हणजे गोबी येईपर्यंतची दहा मिनिटे माणूस चित्रे पाहत उभा राहील.

मोजक्या टेबलांबद्दलही मला वाईट वाटत नाही. सॅन डिएगोचा जो मेळावा आज या सगळ्याचे माहेर मानला जातो, तो १९७० च्या ऑगस्टमध्ये एका हॉटेलात भरला तेव्हा सुमारे ३०० माणसे आली होती. आता तिथे सव्वा लाखाहून अधिक येतात. टोकियोचा कोमिकेट हा कॉमिक्सचा मेळावा १९७५ च्या डिसेंबरात ३२ गट आणि सुमारे ७०० लोकांवर सुरू झाला. बेळगावचा मेळावा तितका वाढेल असे मी सुचवत नाही आणि तो वाढलाच पाहिजे असेही मला वाटत नाही. तुम्ही बेंगळूरच्या तयार, भरलेल्या मेळाव्याची तुलना इथल्या पहिल्या प्रयत्नाशी करत आहात, एवढेच लक्षात आणून द्यायचे आहे.

फूड ट्रकबद्दलची तुमची दुसरी कुरकुर मात्र मला मान्य आहे. सगळ्या गाड्यांवर तेच मोमो, तेच चीज घातलेले फ्राइज, तोच बर्गर. कॅम्पात, टिळकवाडीत संध्याकाळी उभ्या राहणाऱ्या गाड्यांवरही हीच एकसुरी यादी दिसते, आणि याच शहरात कुंदा मिळतो, गोकाकचा करदंट मिळतो, ज्वारीची भाकरी, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी घरोघर होते. गाडीवाले तरुण जोखीम घेत नाहीत कारण नवे केले आणि खपले नाही तर त्या दिवसाचा माल अंगावर येतो. ही जोखीम तुमच्यासारख्या गिऱ्हाइकांनी थोडी उचलली पाहिजे. दहा-बारा जणांचा तुमचा गट असेल तर आवडत्या गाडीवाल्याला दोन दिवस आधी सांगा की शनिवारी आम्ही इतके जण येऊ, भाकरीत झुणका गुंडाळून चटणी लावून द्याल का. इतकी मागणी आधी कळली तर तो बहुधा नाही म्हणणार नाही. आणि मेळाव्यात मांडे करणाऱ्या एखाद्या बाईंना बोलावता आले तर पाहा. दोन्ही हातांवर फिरत पातळ होत जाणारा तो मांडा पालथ्या मडक्यावर पडताना पाहायला जी गर्दी जमेल, ती कोणत्याही ट्रकसमोर जमणार नाही, याविषयी माझी खात्री आहे.

गाडीवर एकटीने जेवायला लाज वाटते, असेही तुम्ही लिहिले आहे, "एकटीच?" असे लोक विचारतात म्हणून. यावर एकच उपाय मला माहीत आहे, तो म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक होणे. गर्दी वाढण्यापूर्वी, साडेसहा-सातच्या सुमारास जावे, एका-दोन गाड्या ठरवून घ्याव्यात, गाडीवाल्याशी ओळख करावी. नेहमीच्या माणसाला कोणी एकटे समजत नाही. ओळखीच्या शहराचा हा एक फायदा आहे, तोही वापरायला हरकत नाही.

गाडी निवडताना काय पाहावे, हे इतर वाचकही विचारतात म्हणून इथेच सांगते. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा अंकी क्रमांक गाडीवर लावलेला असावा. गरम पदार्थ समोर गरम करून दिला जावा, तासन्‌तास कोमट ठेवलेला नको. वर्तमानपत्राच्या कागदात तेलकट पदार्थ गुंडाळून देत असतील तर घेऊ नये, शाईतली द्रव्ये पदार्थात उतरतात. आणि गोबी लालभडक असेल तर पुढे जावे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि बुढ्ढी के बाल यांतील कृत्रिम रंगांवर बंदी घातली. राज्यभरातून तपासलेल्या गोबीच्या १७१ नमुन्यांपैकी १०७ नमुन्यांत असुरक्षित रंग सापडले होते. पुढे कबाबांनाही तशीच बंदी लागू झाली. चांगला गाडीवाला तपकिरी गोबी देतो आणि ती चवीला कुठेही कमी नसते.

मेळावा भरवणाऱ्या तरुणांत मराठी, कन्नड, उर्दू, कोंकणी बोलणारे सगळेच आहेत आणि फलकाच्या भाषेवरून कुरबुर झाली, असे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेला आहात. सीमाभागात ही ओळ इतक्या लवकर संपत नाही. नियमाचा भाग नियमाने सोडवावा : व्यावसायिक फलकांवर ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा, असे राज्याच्या कायद्यात २०२४ पासून आहे, तेव्हा मेळाव्याचे आणि गाड्यांचे फलक छापण्यापूर्वीच तशी रचना करून घ्या, म्हणजे ऐनवेळी मैदानावर वाद नको. उरलेल्या जागेत मराठी, इंग्रजी, उर्दू नीट बसतात. पण माणसे एकत्र येण्याचा मार्ग फलकावरून जात नाही. आपल्या जिल्ह्यात, निपाणीजवळच्या भोज गावी, २९ जुलै १९२५ रोजी शि. द. फडणीस यांचा जन्म झाला, आणि त्यांची हास्यचित्रे शब्दाशिवाय हसवतात. त्यांना भाषांतर लागत नाही, ओळखपत्र तर नाहीच. मेळाव्यात शब्दविरहित चित्रकथांची स्पर्धा ठेवा, चार चौकटींची, विषय शहरातलाच : रेल्वे फाटक, पाऊस, मांडे, गोबीची रांग. मराठी शाळेतला मुलगा आणि कन्नड शाळेतली मुलगी एकाच भिंतीवर लागतील आणि दोघांचे पालक दोन्ही चित्रांना हसतील. मला तरी या मेळाव्यात काही स्थानिक रुजायचे असेल तर ते इथून रुजेल असे वाटते. परदेशी पात्रांच्या छायाचित्रांबरोबर सेल्फी घेण्याच्या जागा कितीही वाढवल्या, तरी त्या बेंगळूरहून कमीच पडणार.

ज्यांच्या गावात असा मेळावाच नाही, त्या चिकोडी, खानापूर, निपाणीच्या वाचकांनी मैदानाची वाट पाहू नये. वाचनालयाला विनंती करून महिन्यातून एका रविवारी जुन्या चित्रकथांच्या अदलाबदलीचे एक टेबल मांडता येते. बेळगावातही १८४८ पासूनचे सार्वजनिक वाचनालय आहे. त्याला भाडे लागत नाही आणि घरच्यांनाही वाचनालयात जाणाऱ्या मुलांबद्दल तक्रार करणे जड जाते.

तुमच्यापुढचे पर्याय असे दिसतात. बेंगळूरला जाणे सोडू नका. ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाल्याने प्रवास आता दिवसाउजेडी होतो, आणि राणी चन्नम्मा एक्सप्रेसची रात्र तर आहेच. तिथे नवे पाहायला मिळते, साहित्य मिळते, जुन्या मैत्रिणी भेटतात. पण छंद पूर्णपणे तिकडे हलवलात, तर वर्षातले दोन दिवस तुम्ही तुम्ही असाल आणि उरलेले दिवस कोणापासून तरी काहीतरी लपवत असाल. इथे वेश न करता नुसते मेळाव्याला जाणे हाही एक पर्याय आहे आणि घरातले वातावरण फार ताणलेले असेल तर एक वर्ष तसे करण्यात कमीपणा नाही. माझा कल मात्र आयोजनात जाण्याकडे आहे, कारण छायाचित्रांचा नियम, टेबलांची जागा, गाड्यांची निवड, चित्रांची स्पर्धा, ज्या गोष्टींनी तुम्हाला त्रास झाला त्या सगळ्या आयोजकांच्या हातातल्या आहेत.

होकार देताना काम वाटून घ्या. सगळे तुमच्या अंगावर येईल, कारण बाहेर राहून आलेल्या माणसाला सगळे येते असा आपल्याकडे समज आहे. पोशाखांचा विभाग आणि चित्रस्पर्धा एवढेच घ्या. मेळावा पावसाळ्यानंतर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या मध्ये ठेवायला सांगा, परीक्षा आणि शिवजयंतीच्या तयारीचे दिवस टाळून. महापालिका, पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या परवानग्या, मैदानाचा करार, जनरेटरचे भाडे आणि कचरा उचलण्याची व्यवस्था कोणाच्या नावावर आहे, हे पहिल्याच बैठकीत लेखी विचारून घ्या. या कागदांवर तुमची सही मागितली, तर ती देऊ नका. पोशाखांच्या विभागाला तिची गरज नाही.